कच्च्या कैद्यांची बातमी करताय? आधी या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मेसेज येतो. "ताई, उद्या अकराला पत्रकार परिषद ठेवलीय, प्रेसनोट जरा नजरेखालून घालाल का?" खाली चार पानांची पीडीएफ. पहिल्या पानावर संस्थेचा इतिहास, दुसऱ्यावर संविधानाची प्रास्ताविका, आणि कैदी उगवतात थेट तिसऱ्या पानावर, तेही 'समाजातील दुर्लक्षित घटक' म्हणून. दर दोन-तीन महिन्यांनी हे होतं. मुलं बदलतात, पीडीएफ तीच.

मी आधी एका जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. नंतर तुरुंगातल्या बंद्यांना वकील मिळवून देण्याच्या कामात आले. म्हणजे बातमीला कात्री लावणं आणि बातमी लागावी म्हणून चपला झिजवणं, दोन्ही केलंय. कच्च्या कैद्यांची बातमी लागावी म्हणून धडपडणाऱ्या या मुलांना फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. यातली प्रत्येक चूक मी एकदा तरी केलेली आहे. पहिल्या दोन जरा जास्तच.

'तुरुंग हाऊसफुल्ल'

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी पूर्ण पानभर केली आहे.

आकडा हाताशी असतोच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या तुरुंगांची क्षमता होती 4,36,266 आणि आत माणसं होती 5,73,220. म्हणजे शंभरांच्या जागेत 131. हे वाचलं की नवख्याचे हात शिवशिवतात, आणि डेस्कवर मथळा आधीपासून तयार असतो.

आम्हीही तेच केलं. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या कारागृहाची माहिती माहितीच्या अधिकारात मागवली, नाकारली गेली, अपिलात गेलो, आठ महिने घातले. रविवारच्या पुरवणीत पूर्ण पान मिळालं. एका बराकीत किती जण झोपतात, रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं कसं लागतं, संडासाची रांग पहाटे किती वाजता लागते, सगळं आलं. दिवसभर कौतुकाचे फोन. बारा दिवसांनी त्याच पेपरात, त्याच वार्ताहराच्या नावाने बातमी: जिल्हा कारागृहात वाढीव बराकींचा प्रस्ताव पाठवणार. आमच्या पानाचा त्यात आदराने उल्लेख होता. आठ महिने राबून आम्ही सरकारकडून आणखी कोठड्या मागून घेतल्या होत्या.

प्रस्ताव पाठवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एसटीला गर्दी आहे म्हणून बोंब मारली की जादा गाडी सुटते; एवढी माणसं स्टँडवर का अडकलीत, हे कोणी विचारत नाही. त्याच अहवालात दुसरा आकडा होता: 5,73,220 पैकी 4,34,302 जण, म्हणजे 75.8 टक्के, न्यायाधीन बंदी. आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते. खटला संपलेला नाही, काहींचा सुरूही नाही. त्यातही असे लोक असतात ज्यांना जामीन झालेला आहे, पण जामीनदार नाही म्हणून आत आहेत. आमच्या पानावर हे सातव्या स्तंभात, तळाला, एका चौकटीत गेलं होतं. गर्दीची बातमी जागेची होणार की माणसांची, हे पहिल्या परिच्छेदातच ठरतं, आणि आम्ही ते चुकीचं ठरवलं होतं.

पान आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, सचिवांकडे गेले होते. पेपर टेबलावरच होता. म्हणाले, "वाचलं. छान जमलंय. पण मॅडम, यात मी काय करायचं होतं?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. अख्ख्या पानावर एकाही माणसाला उद्देशून एकही काम सांगितलेलं नव्हतं. सगळा हळहळीचा मामला.

तेव्हापासून वार्ताहराला फोन करण्याआधी वहीत चार शब्द लिहिते: कोणी, काय, कशाच्या आधारे, कधीपर्यंत. चारांपुढे काही लिहिता आलं नाही तर फोन नाही. उदाहरण देते. 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने जामिनाबाबत निर्देश दिले. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत बंद्याला द्यायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालय आपणहून अटी शिथिल करता येतील का ते पाहू शकतं. तीन वाक्यांत तीन टेबलांना तीन कामं लावून दिलेली आहेत. तुम्हाला फक्त विचारायचंय: केलं का?

पुढच्या वेळी आम्ही तेवढंच विचारलं. घरच्यांकडून आणि प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांकडून अकरा जणांची यादी केली: जामीन आदेशाची तारीख, रक्कम, अट, आज किती दिवस झाले. यादी आधी सचिवांच्या हातात दिली, पोच घेतली. आठ दिवस थांबलो. मग दोन कॉलमची बातमी, आतल्या पानावर: जामीन मंजूर होऊनही अकरा जण महिन्याहून अधिक काळ आतच. फोटो नाही, नावं नाहीत, बराकीचं वर्णन नाही. सात जण हळूहळू बाहेर आले, कोणी जातमुचलक्यावर (म्हणजे जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर), कोणी रक्कम कमी होऊन. उरलेल्या चौघांपैकी दोघांवर दुसऱ्या जिल्ह्यात वॉरंट होतं, एकाचा पत्ता पडताळता आला नाही, आणि एकाची फाइलच आठवडाभर सापडत नव्हती. या बातमीसाठी कौतुकाचा एकही फोन आला नाही.

ही अक्कल आमची नाही. 1979 च्या जानेवारीत, 8 आणि 9 तारखेला, 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजींनी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांवर लिहिलं. त्या कात्रणांच्या आधारे वकील पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि कच्च्या कैद्यांच्या सुटकेचा हुसैनआरा खातून खटला उभा राहिला. भाषणांत याला 'वृत्तपत्राची ताकद' म्हणतात. जरा नीट बघा, काय छापलं होतं ते: कोण, कोणत्या गुन्ह्यात, त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा किती, आणि हा माणूस आत किती वर्षं. काही महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत माणसं पाच-सात-नऊ वर्षं अडकलेली. हे उचलून जसंच्या तसं याचिकेला जोडता येत होतं. आणि जोडायला एक वकील बाई तयार होती. तसं नसतं तर कात्रण रद्दीत गेलं असतं.

2021 चं आग्र्याचं प्रकरणही तसंच. 8 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने 13 जणांना अंतरिम जामीन दिला आणि आदेशाची प्रत पोचली नाही म्हणून ते आतच राहिले. बातमी आली. सरन्यायाधीश रमणा यांनी तिची दखल घेतली आणि विचारलं की तुरुंगवाले अजून कबुतरं आदेश घेऊन येतील म्हणून आभाळाकडे बघत बसलेत का. त्यातूनच आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने थेट पाठवणारी 'फास्टर' ही यंत्रणा 31 मार्च 2022 ला सुरू झाली. बातमीत होते तेरा लोक, एक तारीख आणि एक तुटलेला दुवा. चार लाखांचा आकडा त्यात लागलाच नाही.

चेहरा हवा म्हणून चेहरा छापणं

वार्ताहर म्हणणार, "ताई, एखादी केस द्या ना, चेहरा लागतो." तो चुकीचं सांगत नाही. चेहऱ्याशिवाय बातमी वाचली जात नाही हे मलाही माहीत आहे. पण तो चेहरा दुसऱ्या दिवशी कामावर जाणार असतो.

बावीस वर्षांचा मुलगा होता. मोबाइलचोरीचा आरोप, पंधरा हजारांचा जामीन, एक जामीनदार. आई भाड्याच्या खोलीत राहायची. सातबारा नाही, ऐपतीचा दाखला देईल असा नातेवाईक जिल्ह्यात नाही. चौदा महिने गेले. आम्ही अर्ज केला, जातमुचलक्यावर सुटला. गेटवर आई त्याला धरून रडत होती, वार्ताहर आणि फोटोग्राफर मीच बोलावलेले. मी मुलाला विचारलंही, "छापलं तर चालेल ना?" म्हणाला, "छापा ना ताई, काय होतंय." दुसऱ्या दिवशी चार कॉलम फोटो, नावासकट, मथळा 'पंधरा हजारांसाठी चौदा महिने'. मथळा माझाच होता. अजूनही चांगला वाटतो, तेच वाईट आहे.

पंधरवड्यात तो एका गोदामात मालाच्या चढ-उताराच्या कामाला लागला. तिसऱ्या दिवशी मुकादमाने बोलावून मोबाइलवर तोच फोटो दाखवला. "उद्यापासून येऊ नको." बातमी पूर्णपणे त्याच्या बाजूची होती. मुकादमाने त्यातला एकच शब्द वाचला, 'चोरी'. पुढे खोलीमालकानेही तेच केलं. दीड वर्षाने खटल्यात तो निर्दोष सुटला. त्याची बातमी कोणी केली नाही; मीसुद्धा केली नाही, कारण एव्हाना तो माझा फोन उचलत नव्हता. त्याचं नाव टाकून शोधलं तर अजून पहिल्यांदा तोच फोटो येतो. पोर्टलला काढायला सांगितलं. उत्तर आलं की बातमी तथ्यानुसार आहे. आहेच.

तुरुंगाच्या गेटवर घेतलेली संमती ही संमती नसते, हे मी त्या दिवशी शिकले. नुकताच सुटलेला माणूस कशालाही हो म्हणतो. तुम्ही त्याला बाहेर काढलेलं असतं, तुम्हाला नाही कसं म्हणेल?

आता माझी सवय अशी. सुटल्यावर किमान पंधरा दिवस कोणालाही भेटवायचं नाही. मग घरी जायचं, आई-बायको कोण असेल त्यांच्यासमोर बसायचं आणि 'छापलं तर चालेल का' हा प्रश्न विचारायचाच नाही. विचारायचं, "हे मुकादमाने वाचलं तर? मेव्हण्याने? मुलीच्या शाळेत बाईंनी?" दोन प्रश्नांनंतर बहुतेक घरांतून नाही येतं. नाही आलं की विषय संपला, गळ घालायची नाही. हो आलं तर नाव न छापता, गाव न छापता. नाव बदलून देण्याची फॅशन मला आवडत नाही, कारण बदललेलं नाव गावात तिसऱ्याच कुणाचं तरी निघतं. सरळ 'नाव देत नाही' असं लिहावं.

पाठमोऱ्या फोटोवर फार भरवसा ठेवू नका. एकदा पाठमोरा फोटो मीच मंजूर केला आणि पेपर आल्यावर दिसलं की मानेच्या मागे धाकट्या बहिणीचं नाव गोंदलेलं आहे, अक्षर न् अक्षर वाचता येतंय. तेव्हापासून फोटो मोबाइलवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघते: गोंदण, गाडीचा नंबर, भिंतीवरच्या तसबिरीखालचं आडनाव.

अल्पवयीन असेल तर चर्चाच नको. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार ओळख उघड करता येत नाही. आणि खटला लैंगिक अत्याचाराचा असेल तर आरोपीच्या गावा-नात्यावरून पीडितेची ओळख फुटत नाही ना, हे दहादा तपासा.

अर्धाच कायदा सांगणं

1 जुलै 2024 ला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 479 नुसार, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडायचं. आधी कधीच दोषी न ठरलेला असेल तर एक तृतीयांश काळ पुरे. निम्म्याची तरतूद जुन्या संहितेत 436-अ म्हणून होतीच, एक तृतीयांश नवीन. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या खटल्यांनाही लागू होईल असं स्पष्ट केलं. बातमी मोठी होती. मथळे आले: एक तृतीयांश शिक्षा भोगलेले सुटणार.

पुढच्या मुलाखतीच्या, म्हणजे नातेवाइकांनी बंद्याला भेटायच्या, दिवशी तुरुंगाच्या खिडकीसमोर रोजच्या दुप्पट रांग. एक म्हातारे बाबा ते कात्रण लॅमिनेट करून घेऊन आले होते. मुलगा खुनाच्या आरोपात. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना हे कलम लागूच नाही, हे मथळ्यात नव्हतं, पहिल्या परिच्छेदात नव्हतं, बातमीतच नव्हतं. एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तरी लाभ मिळत नाही, हेही नाही. बाबांना ते मला सांगावं लागलं, उभ्या उभ्या, रांगेत. त्यांनी कात्रण पिशवीत ठेवलं, घडी पडणार नाही अशा बेताने.

रांगेच्या कडेला एक इसम 'चारशे एकोणऐंशीचा फॉर्म' भरून द्यायचे दोन हजार घेत होता. असा फॉर्म नाही. त्याच कलमात लिहिलंय की काळ पूर्ण झाला की तुरुंग अधीक्षकांनीच न्यायालयाला लेखी अर्ज करायचा. बातमी करायची तर ही: अमुक कारागृहातून असे किती अर्ज गेले, किती निकाली निघाले. आनंदाची बातमी देणाऱ्याला अपवाद सांगायचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याची फी खिडकीसमोरची माणसं भरतात.

पेपर बराकीतही जातो, हेही विसरू नका. आतला माणूस तुमचा मथळा रात्रभर उशाशी घेऊन झोपतो.

सगळे निर्दोष

कच्चा कैदी म्हणजे दोष सिद्ध न झालेला. 'निर्दोष' लिहिलंत की एका माणसाला शिक्षा लागली तरी तुमचं सगळं लिखाण खोटं ठरतं, आणि फिर्यादीच्या घरचा फोन येतो तो वेगळाच. एकदा एका विधवेचा आला होता. तिला मी काय सांगितलं ते आठवत नाही, मी फार बोलले एवढं आठवतं. तेव्हापासून दुसऱ्या बाजूच्या घरी निदान एक फोन करते, बातमीत त्यांचं वाक्य येवो न येवो.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे फक्त भाकरी चोरणारा शोधणं. प्रत्येक बातमीत भोळाभाबडा, पहिल्यांदाच पकडलेला, आईचा एकुलता एक. वाचक काय शिकतो? असे बिचारे सोडा, बाकीचे आतच बरे. आणि आत बहुतेक माणसं 'बाकीचे' असतात. मारामारीत खरोखर हात उचललेला माणूस पाच वर्षं खटला न चालता आत असेल तर त्याचीही बातमी करून बघा. अवघड जाते. पण ती लागली तर टिकते.

टक्केवारीचा पाऊस

एका बातमीत एक टक्केवारी, बस. तारीख द्या: तुरुंगाची आकडेवारी वर्षाच्या शेवटच्या दिवसाची असते, 'वर्षभरात' असं लिहिलं की चूक. 'जामीन न मिळालेले' आणि 'मिळूनही न सुटलेले' हे दोन वेगळे ढीग आहेत, एकत्र कालवू नका. पहिल्यांचं उत्तर न्यायालयात आहे, दुसऱ्यांचं कागदपत्रांत.

टक्क्यांपेक्षा रक्कम बोलते. 1978 चा मोतीराम खटला अजून लोकांच्या लक्षात का आहे? मध्य प्रदेशातल्या मंदसौरचा गवंडी, जामीन दहा हजारांचा, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारलेला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कृष्ण अय्यर यांना ती अट मोडीत काढायला यापेक्षा जास्त काही लागलं नाही. तुमच्या बातमीत जामिनाची रक्कम लिहा आणि शेजारी त्या माणसाची रोजी लिहा. विशेषणं खोडा. 2023 पासून केंद्राची गरीब बंद्यांसाठी योजनाही आहे, कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैसे देणारी; सुरू झाली तेव्हा मर्यादा 40,000 रुपये होती. तुमच्या जिल्ह्यात ती कितींना मिळाली, हा प्रश्न कोणीही विचारू शकतं. कोणी विचारत नाही.

जेलरला खलनायक करणं

तुरुंग अधीक्षक माणूस आत घेत नाही, वॉरंट घेतं. त्याला 'जागा नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. गर्दीचा त्रास आतल्या शिपायालाही असतो आणि योग्य वेळी चहा पिताना तोच तुम्हाला सांगतो की तारखेला न्यायला पोलीस गार्ड मिळत नाही म्हणून किती जणांची पेशी बुडाली. मारहाण झाली, पैसे मागितले गेले, तर ते लिहायचंच, पुराव्यासह आणि न घाबरता. पण प्रत्येक बातमीत त्यांना झोडलंत की दार बंद होतं, आणि दाराआड तुमचा पक्षकार असतो.

पत्रकार शीला बारसे यांनी 1982 मध्ये मुंबईच्या तुरुंगात पंधरा महिला बंद्यांच्या मुलाखती घेतल्या त्या परवानगी घेऊन. त्यातल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. त्यांचं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं, निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला आणि 1983 च्या निकालात महिलांच्या कोठडीबाबत निर्देश दिले. परवानगीच्या कागदामुळे त्यांच्या लिखाणाला धार कमी आली, असं कोणी म्हणू शकेल?

याउलट, आतून चोरून काढलेला मोबाइल व्हिडिओ. तुम्हाला लाखभर लोक बघतात, आणि आत त्या बराकीची झडती होते. ज्याने काढला त्याचं काय होतं ते तुम्हाला कळतही नाही. मी असे व्हिडिओ घेत नाही. यावर वाद घालायलाही मी तयार नाही.

भराभर काही

प्रेसनोट एक पान. संस्थेचा इतिहास शेवटच्या ओळीत, तोही कोणी विचारला तर.

संध्याकाळी सहानंतर डेस्कवर फोन करू नका, पान लागत असतं. मी उचलून शिव्या दिलेल्या आहेत.

साठ वार्ताहरांच्या ग्रुपवर टाकलेली बातमी कोणाचीच नसते. एकाला द्या, पूर्ण द्या, कागदांसकट.

टीव्हीच्या चर्चेला जाऊ नका. समोर 'पीडितांचं काय?' विचारणारा बसवलेला असतो आणि तुम्हाला चाळीस सेकंद असतात.

न्यायाधीशांच्या हेतूबद्दल एक शब्दही नको, न्यायालयीन अवमानाचं लोढणं गळ्यात येईल. तारखा मांडा: कधी अर्ज, कधी सुनावणी, कितीदा पुढे ढकललं. तारखा पुरेशा बोलतात.

हॅशटॅग करायचा तर करा. मला त्याचं काही समजत नाही, आणि करणाऱ्यांनाही फारसं समजतं असं वाटत नाही.

आणि मोठ्या माणसाची अटक झाली की तोंड फिरवू नका. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये एका सिनेनटाच्या मुलाचे जामिनाचे कागद साडेपाचच्या आत मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या जामीन-पेटीत पडले नाहीत म्हणून त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. सगळ्या देशाचे कॅमेरे त्या पत्र्याच्या पेटीवर. 'साडेपाचनंतर आलेल्या कागदांचं रोज काय होतं?' एवढं विचारायला तयार असलेली माणसं आमच्यात तेव्हा होती. ती 'श्रीमंतांच्या बातमीत आपण कशाला' म्हणून घरी बसली. त्यांत मीही होते.

आठवडाभरात निकाल हवा

हा आजार तरुण मुलांना जास्त आहे, पण फक्त त्यांनाच नाही. बातमी आली, शेअर केली, कोणी सुटलं नाही, मग 'माध्यमं विकली गेलीत' म्हणून पुढच्या विषयाकडे. पत्रकार सुकन्या शांता यांचा तुरुंगातल्या जातिभेदावरचा वृत्तांत डिसेंबर 2020 मध्ये आला. कारागृहांच्या नियमपुस्तिकांतच कोणत्या जातीने स्वयंपाक करायचा, कोणी झाडलोट करायची, हे लिहिलेलं होतं. त्यांनी ते नियम शोधून, वाचून पुढे ठेवले. मग त्या स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकाल 3 ऑक्टोबर 2024 चा. जातीवर आधारलेली कामाची वाटणी रद्द, नोंदवहीतला जातीचा रकाना रद्द. वृत्तांत आणि निकाल यांच्यामध्ये जवळजवळ चार वर्षं गेली.

माझ्याकडे एक साधी फुलस्केप वही आहे. प्रत्येक कात्रण चिकटवून शेजारी तीन तारखा: पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. त्या दिवशी त्या टेबलाला फोन. "मागे बातमी आली होती त्यातल्या चौघांचं काय झालं?" तिसऱ्या फोनला समोरचा वैतागतो आणि फाइल काढतो. याला मोहीम वगैरे म्हणत नाहीत, पण माझं निम्मं काम त्या तिसऱ्या फोनवर झालेलं आहे.

तर परवाच्या शुक्रवारच्या मुलाला मी म्हटलं, परिषद रद्द कर, यादी घेऊन ये. "यादी कुठे मिळते, ताई?" मुलाखतीच्या खिडकीसमोर दोन सकाळी उभा राहा, अर्धी तिथे मिळेल. उरलेल्यासाठी माहितीचा अर्ज टाक, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मजकूर मी फोनवरच सांगितला, तो असा: 'आजच्या दिनांकास आपल्या कारागृहात, जामीन मंजूर होऊन तीस दिवसांहून अधिक काळ लोटलेले किती न्यायाधीन बंदी आहेत, प्रत्येकाच्या जामीन आदेशाचा दिनांक, जामिनाची रक्कम व अट, आणि त्याबाबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळविल्याचा दिनांक. नावे नकोत.'